कॉलरखालचं माहेर

आमचे दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, चामड्याची जॅकेटं नवी करून देतात. शिवत नाहीत, जुन्याची नवी करतात. दुकानात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाला ते हा फरक समजावून सांगतात आणि ऐकणारा मान डोलावून विचारतो, "मग उद्या मिळेल ना?" उद्या काही मिळत नाही. गेल्या तीस वर्षांत दाजींनी उद्या काही दिल्याचं मला आठवत नाही. चामडं तहानलेलं असतं, त्याला सावकाश पाजावं लागतं, घटाघटा पाजलं की ठसका लागतो, असं त्यांचं म्हणणं. म्हणून अख्ख्या गल्लीत त्यांचं नाव पडलंय 'परवा'. "परवाकडे टाकून ये" म्हणजे आमच्या दुकानात देऊन ये. हे नाव दाजींच्या कानावर आहे आणि मनातून त्यांना ते आवडतंही, पण तोंडाने कबूल करतील तर शपथ.

दुकान म्हणजे एक लांबट खोली. रस्त्याकडच्या टोकाला माझं मशीन. चेन बदलणं, फाटकं अस्तर काढून नवं घालणं, उसवलेले खिसे, तुटलेली बटणं, हे सगळं माझ्याकडे. मागच्या टोकाला, खिडकीपाशी, दाजींचं टेबल. ती खिडकी अशा दिशेला आहे की तिच्यातून ऊन कधीच आत येत नाही, नुसता उजेड येतो. ही खोली त्यांनी त्या खिडकीसाठीच घेतली. "ऊन तोंडपुजं असतं आणि ट्यूबलाइट खोटारडी," ते म्हणतात. "रंग बघायचा तर असा उजेड हवा, ज्याला कुणाशी काही घेणंदेणं नाही." रंग जमवायची वेळ आली की ते भर दुपारी ट्यूब बंद करायला लावतात आणि मी सुई शोधत चाचपडत बसते.

कामाची त्यांची रीत ठरलेली. आधी ओलसर फडक्याने मळ काढायचा, शिवणीतला मळ दात घासायच्या मऊ ब्रशने. मग सावलीत सुकवायचं. हीटरजवळ ठेवलेलं जॅकेट दिसलं की ते माझ्यावर असे ओरडतात की मी जणू कुणाचं पोरच आगीत टाकलंय. सुकलं की क्रीम. फडक्याने नाही, बोटांनी, गोल गोल, कोपरापाशी जास्त, कारण कोपर सगळ्यात जास्त वाकतो आणि सगळ्यात आधी तडकतो. मग एक रात्र नुसतं पडू द्यायचं. दुसऱ्या दिवशी रंग, स्पंजने, इतका पातळ की लावला की नाही असं वाटावं. सुकला की दुसरा हात, मग तिसरा. शेवटी जुन्या बनियनच्या तुकड्याने घासत राहायचं, चामड्यात खिडकी दिसायला लागेपर्यंत. घरचे बनियन पुरत नाहीत, म्हणून शेजारपाजारचे लोक आपापले जुने बनियन धुऊन आणून देतात. एवढ्या मोठ्या कारागिराची अब्रू गल्लीच्या बनियनांवर उभी आहे, असं मी त्यांना चिडवते.

लोक घरी काय काय उद्योग करून जॅकेट घेऊन येतात ते सांगायचं तर दिवस पुरणार नाही. एकाने बुटाचं पॉलिश फासलं होतं, त्याच्या बायकोच्या पांढऱ्या सोफ्यावर त्याची पाठ उमटली. एका बाईने स्वयंपाकाचं तेल चोळलं. जॅकेट चमकत होतं आणि खवट भज्यांचा वास मारत होतं. दाजी असल्या लोकांना हसत नाहीत. "माया केली बिचाऱ्यांनी," म्हणतात, "फक्त पद्धत चुकली."

पण खरी गोष्ट रंगाची. दहा वर्षं अंगावर वागवलेल्या जॅकेटचा मूळ रंग मालकालाही आठवत नसतो. तपकिरी म्हणून देतात, ते निघतं मरून. दाजी मालकाला विचारतच नाहीत. ते कॉलर उलटी करतात. कॉलरच्या दुमडीत, मानेच्या मागे, एक बोटभर पट्टी असते. तिथे ऊन पोचत नाही, हात लागत नाही, जॅकेटचा पहिला रंग जसाच्या तसा बसलेला असतो. त्या पट्टीला आमच्या दुकानात माहेर म्हणतात. "माहेरी विचारून आलो," असं दाजी म्हणाले की समजायचं, रंग ठरला. आणि काम कितीही मोठं असो, त्या पट्टीला ते रंग लावत नाहीत. पुढे कधी ते जॅकेट दुसऱ्या कारागिराच्या हाती पडलं आणि त्याने कॉलर उलटली, तर त्याला खरं कळलं पाहिजे. सगळं रंगवा, माहेर रंगवू नका, हा त्यांचा एकुलता एक कायदा.

हा शब्द माझ्या ताईचा. लग्नाआधी ती स्कूटरवरून पार्सलं पोचवायचं काम करायची आणि थंडीत एक जुन्या बाजारातलं जॅकेट घालायची. राखाडी पडलेलं, भेगाळलेलं, खांद्यावर तर पार पांढुरकं. दाजी एका म्हाताऱ्या कारागिराच्या हाताखाली काम शिकत होते, तिथे ती गेली आणि म्हणाली, "हे काळं करून द्या."

दाजींनी कॉलर उलटली. "हे काळं नाही. निळं आहे. गडद निळं."

"मला काळं चालेल."

"जॅकेटला चालणार नाही," दाजी म्हणाले.

ताईला गंमत वाटली. ती वाकून बघायला लागली आणि हसत सुटली. "म्हणजे हे जॅकेटचं माहेरच की! सासरी उन्हातान्हात पार रया गेली, पण माहेरी विचारा, पोर कशी होती ते!" दाजींना हसू आलं नाही, तरुणपणी ते आतापेक्षाही गंभीर होते म्हणे. पण शब्द त्यांनी ठेवून घेतला. जॅकेटसाठी ताईला चार हेलपाटे घालायला लावले, दर वेळी "परवा या". वर्षभराने तिला मागणी घातली. "चौथ्या हेलपाट्यातच मला कळलं होतं की हा माणूस जॅकेट मुद्दाम उशिरा देतोय," असं ताई सांगायची. दाजी म्हणायचे, छे, चामडं खरोखरच कोरडं होतं.

आमचे आईवडील लवकर गेले. माझं लग्न झालं नाही, ते वेगळं पुराण. ताईला माहेर असं मीच एकटी उरले. "माझं माहेर दोन पायांवर चालतं आणि तोंडाने फटकळ आहे," ती लोकांना सांगायची. पुढे दाजींनी स्वतःचं दुकान काढलं तेव्हा तिनेच माझं मशीन तिथे आणून ठेवलं.

सहा वर्षांपूर्वी ताई गेली. तीन महिने अंथरुणावर होती. शेवटच्या आठवड्यात दाजी औषध आणायला बाहेर गेले होते, तेव्हा तिने माझा हात धरला आणि म्हणाली, "यांचं काम सुटू देऊ नकोस. काम सुटलं की हे गेलेच समज." मी हो म्हणाले. त्या हाताला धरून कुणीही हो म्हणालं असतं.

दिवसकार्य झाल्यावर दाजी दुकानात आले ते ताईचं निळं जॅकेट हातात घेऊनच. खिडकीशेजारी एक खिळा ठोकला आणि ते तिथे टांगलं. वर्षातून एकदा, ज्या दिवशी ती पहिल्यांदा ते घेऊन आली होती त्या दिवशी, ते खाली काढायचे, बोटांनी क्रीम लावायचे आणि परत टांगायचे. त्या दिवशी दुसरं काम नाही आणि बोलणंही नाही. मीही मशीन जरा हळू चालवायची.

दोन वर्षांपूर्वी खिडकीची काच मळकी झाली. म्हणजे दाजींना तसं वाटायला लागलं. मी रोज पुसायची, रोज ते म्हणायचे, "अजून मळकी आहे गं, धाकटे." मी साबणाने धुतली, बाहेरून शिडी लावून धुतली. पुन्हा तेच. मग ते रस्त्यावरच्या धुराला शिव्या द्यायला लागले. जॅकेट डोळ्यांजवळ धरायचे, लांब धरायचे, तिरपं करायचे. दिव्याखाली अंधार म्हणतात तसं झालं; रंग ओळखणाऱ्या माणसाच्या शेजारी बसून मला कळायला दोन महिने लागले की मळ काचेवर नाही.

त्यांच्या रंगाच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या नसतात. चिठ्ठी लावणं म्हणजे आपल्याच डोळ्यांवर अविश्वास, असा त्यांचा ताठा. गडद निळ्याची बाटली आणि काळ्याची बाटली एकसारखी, एका फळीवर. मी काय केलं, त्यांच्या आधी दुकानात येऊन त्या दिवसाच्या कामाला लागणारीच बाटली टेबलावर काढून ठेवायला लागले. "धूळ पुसायला काढली होती," म्हणायची. असं करून मी तीन जॅकेटं वाचवली. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मनाशी म्हणत राहिले. वय झालं, डोळे गेले, आता ते परत येत नसतात, असं मी धरून चालले होते. आणि त्यांना ते कळलं तर काम सुटणार, काम सुटलं तर माणूस सुटणार. ताईला दिलेला शब्द मी पाळतेय असं मला वाटत होतं. खरं सांगायचं तर मी भ्याले होते. मग ताईचं जॅकेट खाली काढायचा यंदाचा दिवस आला.

त्या दुपारी मी अस्तराचं कापड आणायला गेले होते. परत आले तर दुकानात ओल्या रंगाचा वास. टेबलावर ताईचं जॅकेट पसरलेलं आणि दाजी बाह्या वर करून उभे, चेहऱ्यावर असा आनंद की सहा वर्षांत मी तो पाहिला नव्हता.

"खांद्यावर उतरला होता रंग," ते म्हणाले. "खिडकीचा उजेड लागतो ना रोज. म्हटलं, नुसतं क्रीम काय लावायचं, पूर्णच करू. तीन हात दिले. बघ ना!"

जॅकेट काळं होतं. खांदे, बाह्या, पाठ, सगळं काळं, शवयात्रेला घालून जावं असं. 

"कसं झालंय?"

"छान झालंय, दाजी."

"निळा जमलाय? तसाच?"

"जमलाय," मी म्हणाले.

त्यांनी बनियनचा तुकडा घेतला आणि घासायला लागले. किती वेळ घासत होते! मी मशीनवर जाऊन बसले आणि वीतभर अस्तर उलटं शिवलं. मग ते उसवत बसले.

आमच्यापासून तिसऱ्या दुकानात एक तरुण चष्मेवाला आहे. बोलायला गोड, दाजींना काका म्हणतो, मला मावशी. त्याच महिन्यात त्याने आपलं जॅकेट दिलं होतं, गडद निळं. नेमकी मी तापाने दोन दिवस घरी होते, आणि बाटली काढून ठेवायला कुणी नव्हतं. जॅकेट घेऊन गेल्यावर तासाभराने तो परत आला. जॅकेट टेबलावर ठेवलं आणि अगदी अदबीने म्हणाला, "काका, मी निळं दिलं होतं."

"काळं दिलं होतंस," दाजी म्हणाले.

"कॉलर उलटून बघा ना. तुम्हीच सांगता, माहेरी विचारावं."

दाजींनी कॉलर उलटली. निळी पट्टी आणि तिच्या कडेला लागून काळा रंग. आंधळ्यालाही दिसेल असं मी म्हणणार होते, पण ते म्हणायची सोय राहिली नाही. दाजी खिडकीपाशी गेले. जवळ धरलं, लांब धरलं. मग तिथूनच मला हाक मारली.

"धाकटे, इकडे ये. माहेर बघ जरा. निळं आहे?"

मी उठले. त्यांच्याजवळ जाईपर्यंत दहा पावलं असतील. तेवढ्यात मला खरं सांगता आलं असतं. पण त्या खिडकीशेजारी खिळ्यावर ताईचं जॅकेट होतं, आणि हे निळं म्हटलं की पुढचा प्रश्न त्याचा येणार, हे मला स्वच्छ दिसत होतं.

"नाही दाजी," मी म्हणाले. "काळंच आहे."

दाजींनी सुस्कारा टाकला, जॅकेट त्याच्यासमोर ठेवलं. चष्मेवाला माझ्याकडे बघत राहिला. कुणाला काय दिसतं आणि काय दिसत नाही, हे ओळखण्यावरच ज्याचं पोट, त्याला मी फसवायला निघाले होते. त्याने जॅकेटची घडी घातली. "माझाच गोंधळ झाला असेल, काका. काम मात्र सुरेख झालंय," म्हणाला आणि गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कुलूप उघडत होते, तो माझ्यामागे येऊन उभा राहिला.

"मावशी, काकांना मोतीबिंदू आहे. चांगला पिकलेला असणार. त्यात निळं आणि काळं एकच दिसायला लागतं."

"तू डॉक्टर आहेस का?" मी फटकारलं.

"नाही. पण डॉक्टरकडे रोज दहा जणांना मी पाठवतो. हे बरं होतं मावशी. छोटं ऑपरेशन, दुसऱ्या दिवशी पट्टी निघते."

किल्ली माझ्या हातात तशीच राहिली. बरं होतं. दोन वर्षं मी बाटल्या सरकवत होते, काचा धूत होते, खोटं बोलत होते, आणि ते बरं होणारं होतं. मला त्या पोराचा इतका राग आला की काय सांगू. स्वतःचा राग काढायला माणसाला दुसरा कुणीतरी लागतो.

"काल तुम्ही तसं का म्हणालात ते मी विचारत नाही," तो म्हणाला. "पण त्यांना घेऊन जा."

डोळे दाखवायला चला म्हटलं असतं तर दाजी आले नसते. म्हणून मी म्हणाले, मला सुईत दोरा ओवता येत नाही, माझे डोळे तपासायचेत, सोबतीला चला. आले. डॉक्टरीणबाईंनी आधी मला तपासलं आणि सांगितलं की माझी नजर उत्तम आहे. ऐकून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग मी दाजींना म्हणाले, आता आलोच आहोत तर तुमचेही बघून घेऊ. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. डॉक्टरीणबाईंनी चित्र काढून समजावलं, डोळ्यातलं भिंग कसं हळूहळू पिवळट, मळकट होत जातं ते. दाजींनी लक्ष देऊन ऐकलं.

"म्हणजे काच आतून मळली होती," ते म्हणाले. "आणि मी हिला उगाच शिडीवर चढवत होतो."

एका डोळ्याची तारीख ठरली, दुसऱ्याची दोन महिन्यांनंतरची.  मी दिवस मोजत होते. कारण पट्टी निघाली की ते दुकानात येणार आणि खिळ्याकडे बघणार.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी ते घरी विश्रांती घेत होते. मी दुकानात एकटी. ताईचं जॅकेट टेबलावर घेतलं, कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवला आणि डाव्या बाहीचं मनगट पुसायला घेतलं. काळा रंग बोळ्यावर आला. खाली निळ्याची चाहूल दिसली तसा माझा धीर वाढला. मग मी रंग कालवायला बसले. तीस वर्षं शेजारी बसून पाहिलंय, म्हटलं, एवढं काय त्यात. पहिला निळा पाटीवरच्या दुकानाच्या नावासारखा भडक आला. दुसरा जांभळा. तिसऱ्यात काळा जास्त पडला आणि होतं तेच परत आलं.

मग माझ्या मनात जे आलं ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. जॅकेट कोपऱ्यातल्या ढिगात लपवावं, चोरीला गेलं म्हणावं, इथपर्यंत ठीक होतं. पण मला वाटलं, कॉलरखालची ती पट्टीच काळी करून टाकली तर? साक्षीदारच राहणार नाही. तुमची नवी नजर अजून बसायची आहे, दाजी, जॅकेट आधीपासून असंच गडद होतं, असं म्हणता येईल. मी स्पंज काळ्यात बुडवला. कॉलर उलटली. तिथे तो बोटभर निळा रंग होता, ताईच्या मानेमागे पंचवीस वर्षं लपून बसलेला. माझा हात पुढे गेला नाही. स्पंज मी कचऱ्यात टाकला, मनगटावर अर्धवट पुसलेल्या डागासकट जॅकेट खिळ्यावर टांगलं, आणि खुर्चीत बसून हमसून हमसून रडले. दुकानात एक गिऱ्हाईक आलं होतं, ते चेन न बदलताच परत गेलं.

पट्टी निघाली तेव्हा मी समोर होते. दाजींनी डोळा मिटला, उघडला. "धाकटे," ते म्हणाले, "तुझे केस एवढे पांढरे कधी झाले?" नर्स हसली. मी पण हसले. मी ठरवून गेले होते की तिथेच सांगायचं, त्यांनी स्वतः बघण्याआधी. पण ते पांघरुणाचा निळा काठ चिमटीत धरून बघत होते, नर्सच्या पेनाचं टोपण बघत होते, खिडकीतून आभाळ बघत होते. "हे सगळं इथेच होतं?" असं त्यांनी दोनदा विचारलं. माझ्या तोंडाचं कुलूप काही उघडलं नाही.

आठव्या दिवशी ते दुकानात आले. आधी खिडकीपाशी गेले. "काच स्वच्छ आहे," म्हणाले. मग फळीवरच्या बाटल्या एकेक करून उजेडात धरल्या. गडद निळी आणि काळी, दोन हातांत दोन, बराच वेळ. त्या दोन्ही त्यांनी सावकाश खाली ठेवल्या. मग ते खिळ्याकडे वळले.

 जॅकेट काढून टेबलावर पसरलं. पाठीवरून हात फिरवला, बाह्यांवरून फिरवला, मनगटाच्या डागापाशी थांबले. शेवटी कॉलर उलटली. त्या पट्टीत रंग अगदी शांत बसलेला होता.

"हे मी केलं," ते म्हणाले.

"हो."

"तू छान झालंय म्हणालीस."

"हो."

"आणि चष्मेवाल्याचं?"

"ते निळंच होतं, दाजी."

हीटरपाशी जॅकेट दिसलं तरी ओरडणारा माणूस. मला वाटलं, आता ओरडतील, आणि देवाशपथ, ओरडले असते तर बरं झालं असतं. मीच बोलत सुटले. तुमचं काम सुटेल म्हणून भ्याले, ताईने माझ्याकडून शब्द घेतला होता, डोळे बरे होतात हे मला माहीत नव्हतं. दाजींनी सगळं ऐकून घेतलं.

"तिने काम सांभाळायला सांगितलं होतं," ते म्हणाले. "खोटं बोलायला नव्हतं सांगितलं."

मग कॉलर हातात तशीच धरून, माझ्याकडे न बघता म्हणाले, "माहेरी विचारल्याशिवाय मी आयुष्यात रंग लावला नाही. डोळ्यांनी दगा दिला तेव्हाही विचारलं. तिचं माहेर तू. तुला विचारलं होतं मी."

 

त्यानंतर बरेच दिवस ते माझ्याशी कामापुरतंच बोलले. चष्मेवाल्याच्या दुकानात स्वतः गेले, त्याची क्षमा मागितली आणि जॅकेट परत घेऊन आले. मागच्या दोन वर्षांतली सगळी कामं आठवून आठवून एका कागदावर लिहिली आणि मला एकेकाला फोन करायला लावले. मी बाटल्या काढून ठेवायला लागण्याआधी काळी होऊन गेलेली चार निळी निघाली, एक हिरवं. दोघं म्हणाले, राहू द्या हो, आम्हाला काळंच आवडायला लागलंय. दाजी त्यांच्या घरी जाऊन जॅकेटं घेऊन आले. फळीवरच्या प्रत्येक बाटलीवर मला चिठ्ठी लावायला सांगितली आणि माझं अक्षर वाईट म्हणून दोन परत लिहायला लावल्या.

ताईचं जॅकेट त्यांनी सगळ्यात शेवटी घेतलं. तीन हात काळा, आणि वर तेवढी घासलेली चमक. तो काही सहजासहजी निघणार नव्हता. सपाट जागी उतरत होता, पण कोपराच्या सुरकुत्यांत, शिवणीत, खिशाच्या कडेला दबा धरून बसला होता. रोज दुपारी, दुसरी कामं आटोपली की, कापूस आणि स्पिरिट, आणि मग क्रीम, कारण स्पिरिटने चामडं कोरडं पडतं. दोन आठवडे हे चाललं. मी ट्यूब बंद करून अंधारात बसायची.

काल दुपारी त्यांनी हाक मारली.

"धाकटे, इकडे ये."

मी गेले. जॅकेट टेबलावर होतं, कॉलर उलटी केलेली, तिच्याशेजारी उजवी बाही आणून ठेवलेली. एक डोळा अजून व्हायचा आहे, पण झालेल्या डोळ्याने त्यांना माझ्यापेक्षा चांगलं दिसतं, हे त्यांनाही माहीत आहे आणि मलाही.

"हे माहेर बघ," ते म्हणाले, "आणि ही बाही बघ. एक आहे?"

त्यांच्या बोटांची टोकं काळी पडली होती, स्पिरिटने फुटली होती. हो म्हटलं असतं तर त्या दिवशी ते हात धुऊन घरी गेले असते. मी वाकले, पट्टी बघितली, बाही बघितली, खिडकीकडे तिरपी करून पुन्हा बघितली.

"नाही दाजी," मी म्हणाले. "बाही अजून काळपट आहे."

 त्यांनी मान हलवली आणि कापसाचा नवा बोळा घेतला.

"बरं," ते म्हणाले, "परवा बघू."